लघुपटासाठी कॅमेऱ्याची निवड
(इयत्ता ६ वी व ७ वीच्या शिक्षकांसाठी)

प्राथमिक शाळेतील शिक्षकास चित्रपटाच्या कॅमेऱ्याशी काय कर्तव्य, अशी शंका हा पाठ हाती घेताच काही शिक्षकांच्या मनात येईल. तिचे उत्तर परिसर अभ्यासात आहे. कोकणातील व घाटावरील कित्येक गावांचा एक पाय मुंबईच्या गिरणगावात रोवलेला होता. करी रोड, लालबाग, परळ या भागांत गावकऱ्यांच्या खोल्या असत. एकाच गावची दहा-पंधरा माणसे एका खोलीत राहत आणि पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा कामगार परतला की दिवसपाळीचा त्याला वळकटी मोकळी करून देई. जेवण खाणावळीत होई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांच्यापैकी बहुसंख्यांस गिरणीची कायमची नोकरी पुन्हा मिळाली नाही. त्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. चाळीही एकामागून एक पाडल्या जात आहेत. आजोबांचे बोलणे त्यांच्या त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी टिपावयाचे असेल, तर त्यास फार अवधी उरलेला नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. शाळेस अशा कामासाठी रक्कम मिळते ती बहुधा एकदाच. कधी माजी विद्यार्थ्यांकडून, कधी मुंबईस्थित ग्रामस्थांच्या मंडळाकडून. त्या रकमेचा चुकीचा कॅमेरा घेतला, तर त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, आणि तो कुलूपबंद कपाटातून केवळ तपासणीच्या दिवशी बाहेर निघतो. म्हणून कॅमेरा कसा पारखावा, एवढाच या पाठाचा विषय आहे. पारखण्यासाठी आपण करी रोडच्या चाळीतील एक खोली डोळ्यांसमोर ठेवू : लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट, एक खिडकी, एक ट्यूबलाइट, आणि थोड्या अंतरावर मध्य रेल्वेचे रूळ. या खोलीत जो कॅमेरा चालेल, तो आपल्या गावातील घरातही चालेल.

स्थिरचित्राचा कॅमेरा चलच्चित्रासाठी वापरणे ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. करी रोडहून उत्तरेस परळ आणि त्यापुढे दादर. या दादरमध्ये दादासाहेब फाळके यांनी आपल्या चित्रपटाचा संसार मांडला. ते मुळात छायाचित्रणात मुरलेले गृहस्थ. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीचा लहानसा चित्रपट केला. रोप वाढत असता ठराविक अंतराने एक एक चौकट घेत जावयाची. म्हणजे वस्तुतः ती स्थिरचित्रांची मालिकाच होय. पडद्यावर मात्र काही क्षणांत वेल वर चढताना दिसे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रकाशित झाला, त्यामागे या कुंडीचाही वाटा आहे. वर्गात हा वाटाण्याचा प्रयोग कोणत्याही साध्या कॅमेऱ्याने करता येतो, आणि चलच्चित्र म्हणजे काय हे मुलांस त्याहून सोप्या रीतीने क्वचितच समजेल.

पुढे जवळजवळ शंभर वर्षे स्थिरचित्राचे यंत्र निराळे व चलच्चित्राचे निराळे राहिले. २००८ साली ही भिंत ढासळली. त्या वर्षी प्रथम निकॉन कंपनीचा 'डी ९०' आणि पाठोपाठ कॅननचा 'फाइव्ह-डी मार्क टू' हे कॅमेरे बाजारात आले. स्थिरचित्रे घेणारे हे कॅमेरे चलच्चित्रही घेत. मोठा संवेदक, बदलता येणारी भिंगे आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्याच्या मानाने अल्प किंमत, यांमुळे अल्प भांडवलाच्या निर्मात्यांनी ते उचलून धरले. अमेरिकेत लीना डनम या तरुण दिग्दर्शिकेने कॅननच्याच 'सेव्हन-डी' या कॅमेऱ्यावर 'टायनी फर्निचर' हा चित्रपट पुरा केला. तो २०१० साली प्रकाशित झाला.

आपल्याकडील उदाहरण तर शाळेतलेच आहे. अमोल गुप्ते दिग्दर्शित 'स्टॅनली का डब्बा' हा हिंदी चित्रपट १३ मे २०११ रोजी प्रदर्शित झाला. मधल्या सुट्टीचा डबा आणू न शकणारा मुलगा आणि मुलांच्या डब्यांवर डोळा ठेवणारा शिक्षक, अशी त्याची कथा. (शिक्षकाची ती अप्रिय भूमिका दिग्दर्शकांनी स्वतः केली; आपल्यापैकी प्रत्येकाने ती एकदा पाहावी.) अंधेरीच्या होली फॅमिली शाळेत, मुख्यतः शनिवारी भरणाऱ्या कार्यशाळेतून त्याचे चित्रीकरण झाले. अमोल गोळे यांनी ते 'सेव्हन-डी' या स्थिरचित्राच्या कॅमेऱ्याने केले. मोठा कॅमेरा, दिव्यांचे खांब व पन्नास माणसांचा ताफा वर्गात शिरला असता, तर मुले अवघडून गेली असती. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याकडे त्यांचे लक्षच गेले नाही. पार्थो गुप्ते या बालकलाकारास या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लहान यंत्र येथे केवळ काटकसर म्हणून उपयोगी पडले नाही. मोठ्या यंत्रास जे साधले नसते ते त्याने साधले. आजोबांच्या खोलीतही हाच न्याय लागू आहे.

आता खोलीकडे वळू. दुकानदार प्रथम संवेदकावरील बिंदूंची संख्या सांगेल. ती ऐकून घ्यावी आणि बाजूस ठेवावी. आपला पहिला प्रश्न असा : या खोलीतील किती भाग चित्रात मावेल? याचे उत्तर गणिताने मिळते. माणसापासून कॅमेऱ्याचे अंतर घ्यावे, त्यास संवेदकाच्या रुंदीने गुणावे व भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. म्हणजे चित्रात येणाऱ्या दृश्याची रुंदी मिळते. बारा फुटांच्या खोलीत कॅमेरा भिंतीला टेकवला तरी त्याला व त्याच्या तिवईला दोन फूट जातात. समोर आजोबा भिंतीपासून दोन फूट पुढे बसतात. उरले आठ फूट. मध्यम आकाराच्या संवेदकाची रुंदी सुमारे २३.६ मिलिमीटर असते. त्यावर १८ मिलिमीटरचे भिंग लावले, तर दृश्याची रुंदी सुमारे साडेदहा फूट येते. म्हणजे आजोबा, शेजारची आजी, भिंतीवरचे देव आणि खिडकी हे सर्व मावते. तेथेच ५० मिलिमीटरचे भिंग लावले, तर पावणेचार फूटच दिसतात. म्हणजे एक माणूस, खांद्यापासून खांद्यापर्यंत आणि थोडेसे आजूबाजूचे. दोन्ही भिंगे हवीत, परंतु एकच घेणे शक्य असेल तर रुंद दृश्य देणारे घ्यावे. लहान घरात मागे सरकण्यास जागा नसते. पुढे सरकणे मात्र नेहमीच शक्य असते.

येथे एक फसवी जागा आहे. आज बहुतेक कॅमेऱ्यांवर 'फोर-के' असे ठळकपणे लिहिलेले आढळते. चार हजारांच्या आसपास बिंदूंची रुंदी असलेले अतिसूक्ष्म चित्र, असा त्याचा अर्थ. परंतु काही कॅमेरे हे चित्र घेताना संवेदकाचा केवळ मधला भाग वापरतात. २०१८ साली आलेला कॅननचा 'एम ५०' हा कॅमेरा त्यांपैकी होय. त्यात १८चे भिंग सुमारे २८च्या भिंगासारखे वागू लागते, आणि आपली खोली तिसऱ्या हिश्शाने आक्रसते. चित्र शाळेच्या पडद्यावर दाखवावयाचे असेल, तर साध्या 'फुल एचडी' चित्राने काम उत्तम भागते, असे माझे मत आहे. संगणकावरील संकलनही त्यामुळे हलके होते.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. आपल्या देशातील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो, आणि त्यावर चालणारी जुनी ट्यूबलाइट सेकंदास १०० वेळा उजळते व मंदावते. पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवेही तसेच वागतात. डोळ्यास हे जाणवत नाही, कॅमेऱ्यास जाणवते. चित्राची प्रत्येक चौकट सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तर तीत उजेडाचे बरोबर दोन ठोके पडतात, आणि प्रत्येक चौकट सारखी उजळते. साठावा भाग ठेवला तर दीडाहून थोडे अधिक ठोके पडतात. कोणत्या चौकटीत अधिक, कोणत्या कमी, आणि भिंतीवर काळसर पट्टे सरकू लागतात. यास्तव सेकंदास २५ चौकटी व शटर पन्नासावा भाग, हे आपल्या देशाचे माप समजावे. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असल्याने तेथे ३० चौकटी चालतात. वर उल्लेखिलेला 'फाइव्ह-डी मार्क टू' प्रारंभी केवळ ३० चौकटींनीच चित्र घेई. २४ व २५ चौकटींची सोय त्यात २०१० साली आली. म्हणून जुना कॅमेरा घेताना यादीत '२५' हा आकडा आहे की नाही हे प्रथम पाहावे, आणि शटर, छिद्र व संवेदनक्षमता या तिन्ही गोष्टी आपल्या हाताने ठरवून पक्क्या करता येतात याची खात्री करून घ्यावी. ज्या कॅमेऱ्यात हे करता येत नाही तो कितीही देखणा असला तरी परत ठेवावा. आजोबा खिडकीकडे वळले की असा कॅमेरा आपोआप चित्र काळवंडून टाकतो.

संध्याकाळनंतर त्या एका ट्यूबलाइटच्या उजेडात काम करावयाचे, तर भिंगाचे छिद्र मोठे हवे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या भिंगाचे मोठ्यात मोठे छिद्र ३.५ या अंकाचे असते, तर ५० मिलिमीटरच्या स्वस्त भिंगाचे १.८ चे. अंक लहान तितके छिद्र मोठे. आणि उजेड या अंकांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे १.८ चे भिंग जवळजवळ पावणेचारपट उजेड आत घेते. म्हणून आधी रुंद भिंग, आणि पैसे उरल्यास हे दुसरे. चेहऱ्यासाठी यासारखे स्वस्त साधन नाही.

करी रोडच्या खोलीबाहेरची परीक्षा निराळी. पुष्कळ कॅमेऱ्यांचा संवेदक चित्र एकदम न घेता ओळीओळीने, वरून खाली वाचतो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत धावती लोकल पुढे सरकलेली असते. परिणामी डब्याच्या उभ्या कडा चित्रात तिरक्या दिसतात. कॅमेरा झरकन फिरवला तर चाळीचे खांबही झुकतात. दुकानात उभे राहून रस्त्यावरील मोटारीवर कॅमेरा धरला की हा दोष किती आहे ते दोन मिनिटांत समजते. जुन्या कॅमेऱ्यांत आणखी एक खोड आढळते. चौकड्यांची लुंगी, बारीक काठांचे लुगडे, पन्हळी पत्रा किंवा गॅलरीचे गज यांवर पाण्यावरील तेलासारखे रंगीत तरंग उमटतात. त्यावर उपाय साधा आहे : कॅमेरा थोडा पुढे-मागे करावा, अथवा आजोबांस साधा सदरा घालावयास सांगावे. मात्र रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरण करण्यास रेल्वेची पूर्वपरवानगी लागते, हे सहलीस निघण्यापूर्वी ध्यानात असावे.

वेळेची मर्यादा ही गोष्ट पुष्कळांस खरेदीनंतर कळते. 'सेव्हन-डी'च्या पिढीतील कॅमेरे एका दमात सुमारे बारा मिनिटेच चित्र घेत, कारण त्यांची एक फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नसे. त्यानंतरचे अनेक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबत. या चमत्कारिक आकड्याचे मूळ युरोपच्या जकातीत आहे : तीस मिनिटे वा अधिक चित्र घेणारे यंत्र तेथे व्हिडिओ कॅमेरा म्हणून गणले जाई व त्यावर अधिक जकात बसे. संपाच्या दिवसांत घरी चूल कशी पेटली हे सांगणारा माणूस घड्याळाकडे पाहत नाही. कॅमेरा मध्येच थांबल्याचे लक्षात न आल्यास तेवढे बोलणे गेलेच, आणि "पुन्हा सांगा" म्हटल्यावर येते ते निराळेच असते. शिवाय वैशाखाच्या उकाड्यात काही कॅमेरे तापून स्वतःच बंद पडतात. यासाठी दुकानात अर्धा तास सलग चालवून पाहण्यास संकोच करू नये.

आता ध्वनीविषयी, आणि येथे मी वाचकांचा थोडा अधिक वेळ घेणार आहे. कारण पैशांचा खरा वाद येथेच आहे. चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक सोसतो. बोलणे ऐकू आले नाही तर तो उठून जातो. कॅमेऱ्याच्या अंगचा मायक्रोफोन आठ फुटांवरच्या आजोबांपेक्षा त्याला धरणाऱ्या बोटांची चाळवाचाळव अधिक निष्ठेने टिपतो. त्यात भर म्हणून आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करण्याची योजना. आजोबा बोलता बोलता थांबले, आवंढा गिळला, की कॅमेऱ्यास वाटते आवाज कमी झाला. तो पातळी चढवतो, आणि त्या स्तब्धतेत लोकलची धडधड, शेजारच्या कुकरची शिट्टी व खालच्या गल्लीतील लाउडस्पीकर भरभरून येतात. जी क्षणभराची शांतता जपावयाची, तीच नासते. म्हणून कॅमेऱ्यास बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याचे छिद्र असावे, पातळी हाताने ठरवता यावी, आणि श्रवणयंत्र कानाला लावून ऐकण्याची सोय असल्यास उत्तम. हे सर्व एका कॅमेऱ्यात परवडत नसेल तर सदऱ्यावर लावावयाचा लहान मायक्रोफोन स्वतंत्र ध्वनिमुद्रकास किंवा शिक्षकाच्या मोबाइलला जोडावा, आणि आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. संकलनाच्या वेळी चित्रातील टाळी व ध्वनीतील टाळी जुळवली की पुढचे सारे जुळते. शंभर रुपयांपैकी कॅमेरा व भिंग यांवर साठांहून अधिक खर्चू नयेत. उरलेल्यांत मायक्रोफोन, भक्कम तिवई, दोन बॅटऱ्या, दोन कार्डे. कॅमेऱ्यावर नव्वद खर्चून ध्वनीस दहा ठेवणारी माणसे पुष्कळ असतात.

जुना कॅमेरा घ्यावा काय? अवश्य. आरशाच्या जागी केवळ पडदा असलेले कॅमेरे आल्यापासून आरशाचे कॅमेरे स्वस्तात मिळू लागले आहेत. मुंबईस जाणे झालेच तर फोर्टातील बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. करी रोडहून लोकल थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. जुन्या कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उडाले हे विक्रेता सांगतो. चलच्चित्र घेताना शटर प्रत्येक चौकटीस उडत नाही, तेव्हा तो आकडा आपणास फारसा कामाचा नाही. भिंगावर बुरशी नाही ना, काळ्या दृश्यात पांढरे ठिपके चमकत नाहीत ना, बॅटरी फुगलेली नाही ना, मायक्रोफोनचे छिद्र सैल नाही ना, हे पाहावे. पावती घेतल्याविना रक्कम देऊ नये. तिच्याशिवाय लेखापरीक्षणात उत्तर देणे कठीण जाईल.

ज्या शाळेकडे काहीच रक्कम नाही तिने मोबाइलवर आरंभ करावा. २०१५ साली प्रदर्शित झालेला 'टँजरिन' हा अमेरिकन चित्रपट आयफोनवर चित्रित झाला होता. मायक्रोफोन व तिवई आधी घ्यावी. पुढे कॅमेरा आला तरी ती वाया जात नाहीत.

मुलांविषयी एक नियम जाणून घ्यावा. व्यावसायिक निर्मात्याने बालकलाकाराकडून काम करून घ्यावयाचे, तर बालकामगार कायद्याच्या २०१७ मधील नियमांनुसार त्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. शाळेचा उपक्रम व्यवसाय नव्हे; तथापि तीन तासांची मर्यादा आपणही पाळावी, पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि आजोबांचे बोलणे कोठे व कोणास दाखविले जाईल हे त्यांस आधी सांगावे. संपाच्या गोष्टीत उधारी, दागिने, घर सोडून गेलेला भाऊ असे पुष्कळ काही निघते. ते चित्रात ठेवावे की नाही हे त्यांनी ठरवावयाचे.

इयत्ता ७ वीस देण्यासाठी दोन उदाहरणे.

पहिले : संवेदकाची रुंदी ३६ मिलिमीटर व भिंग २४ मिलिमीटरचे आहे. आठ फुटांवरून दृश्य किती रुंद दिसेल? (उत्तर : १२ फूट.) मुलांनी वर्गाच्या भिंतीवर खडूने बारा फूट आखून, आठ फुटांवर उभे राहून, कॅमेऱ्यातून ताळा पाहावा.

दुसरे : ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो आणि कॅमेरा सेकंदास २५ चौकटी घेतो. एका चौकटीच्या काळात ध्वनी किती दूर जाईल? (उत्तर : १३.६ मीटर.) एका मुलास कॅमेऱ्यापासून १४ मीटर दूर, मैदानाच्या टोकास उभे करून टाळी वाजवावयास सांगावी, आणि चित्र संगणकावर एक एक चौकट पुढे सरकवून पाहावे. हात मिटलेल्या चौकटीत आवाज नसेल. तो पुढच्या चौकटीत ऐकू येईल.